जलविज्ञानातील मूलभूत संज्ञा : खानदेशच्या संदर्भात

पाण्याचे मापन, साठवण, वहन व वापर यांसंबंधी बोलताना ज्या शास्त्रीय व तांत्रिक शब्दांचा उपयोग करावा लागतो, त्यांचा येथे विचार केला आहे. क्युसेक, टीएमसी, जलधर, पुनर्भरण, अतिशोषित, ठिबक हे शब्द आज वृत्तपत्रांतून, ग्रामसभांतून आणि बँकेच्या कर्जप्रकरणांतूनही वारंवार कानी पडतात. तथापि त्यांचा नेमका अर्थ पुष्कळदा संदिग्धच राहतो. तो समजून घेण्यास खानदेशाइतका सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले; तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, मधून पूर्व-पश्चिम वाहणारी तापी आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा अशी या प्रदेशाची ठेवण आहे. काळ्या पाषाणातील कोरडी विहीर आणि केळीची हिरवीगार बाग ही दोन्ही येथे एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात दिसू शकतात.

प्रथम मापे पाहू. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिमी. पाऊस पडला, याचा अर्थ सपाट जमिनीवर पडलेले सर्व पाणी जागीच थांबले तर त्याचा थर एक मिमी. जाडीचा होईल. एक हेक्टर क्षेत्रावर हा थर १० घ.मी. म्हणजे १०,००० लिटर भरतो. जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सु. ७०० मिमी. पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी ७० लाख लिटर पाणी आकाशातून येते. हा आकडा मोठा वाटतो, परंतु त्यातील बराचसा भाग काही मोजक्या दिवसांत पडून वाहून जातो वा उन्हाने उडून जातो.

वाहत्या पाण्याचे माप वेगळे. ठराविक वेळात एखाद्या ठिकाणावरून जितके पाणी पुढे जाते, त्यास विसर्ग म्हणतात. सेकंदाला एक घनफूट विसर्ग म्हणजे एक क्युसेक. मेट्रिक मापाने तो सेकंदाला सु. २८.३ लिटर होतो. एक क्युसेकचा पाट अहोरात्र चालला, तर २४ तासांत सु. २४.५ लाख लिटर पाणी जाते. साठ्यासाठी टीएमसी हे माप रूढ आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सु. २.८३ कोटी घ.मी. क्युसेक हा वेग आहे आणि टीएमसी हा साठा आहे, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी बातम्यांतील निम्मा गोंधळ दूर होतो. ‘हतनूर धरणातून इतके टीएमसी वेगाने पाणी सोडले’ अशा वाक्याला काहीच अर्थ नसतो. पण ती वाक्ये छापली जातात.

जमिनीत मुरलेले पाणी म्हणजे भूजल. ते भुयारी नदीच्या रूपाने वाहते, ही समजूत सर्वत्र दृढ आहे. काही पाणाडे आजही या ‘झऱ्यां’च्या वाटा दाखवितात. वस्तुतः भूजल खडकाच्या व मातीच्या कणांमधील पोकळ्यांत, भेगांत व सांध्यांत भरलेले असते. खडकाच्या एकूण घनफळात पोकळ्यांचे जे प्रमाण असते, त्यास सच्छिद्रता म्हणतात. आणि त्या पोकळ्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे पाणी किती सहजतेने पुढे सरकू शकते, त्यास पार्यता म्हणतात. हे दोन गुण भिन्न होत. चिकणमाती अतिशय सच्छिद्र असते, पण तिची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की, तिच्यातून पाणी जवळजवळ हलतच नाही. उलट भेगाळलेल्या पाषाणात पोकळ्या थोड्याच असल्या, तरी असलेल्या भेगेतून पाणी धावते. फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या नळकांड्यांवर प्रयोग करून असे दाखविले की, सच्छिद्र पदार्थातून वाहणाऱ्या पाण्याचा विसर्ग त्या पदार्थाच्या पार्यतेच्या व दोन टोकांमधील पाणपातळीच्या उताराच्या प्रमाणात असतो. विहीर उपसली की तिच्या भोवतीची पातळी विहिरीकडे उतरती होते आणि चोहोबाजूंनी पाणी तिच्याकडे सरकते. शेजाऱ्याच्या विहिरीवर होणारा परिणाम याच नियमाचा एक भाग आहे.

ज्या थरात पाणी पुरेसे साठते व ज्यातून ते विहिरीला पुरेशा प्रमाणात मिळू शकते, त्या थरास जलधर असे म्हणतात. खानदेशात जलधरांचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला दख्खनच्या पठारी बेसाल्टाचा. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो तयार झाला. साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव या तालुक्यांतील बहुतेक विहिरी याच खडकात आहेत. वरचा मुरूम आणि त्याखालील भेगाळलेला थर पाणी धरतो, खालचा घट्ट पाषाण धरत नाही. दुसरा तापीच्या दोन्ही काठांवरील गाळाचा. यात माती, वाळू व गोट्यांचे थर एकाआड एक येतात. तिसरा, सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतून गेलेला पट्टा. डोंगरावरून वेगाने येणाऱ्या सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्या उतार एकदम कमी झाल्याने तेथे दगडगोटे, वाळू व माती टाकून देतात. या गिरिपाद निक्षेपास भूवैज्ञानिक ‘बझाडा’ म्हणतात. त्याची पार्यता इतकी मोठी असते की, डोंगरातून खळाळत आलेला ओढा या पट्ट्यात शिरताच पुष्कळदा वाळूत लुप्त होतो. तोच पाण्याचा नैसर्गिक भरणा होय.

पाऊस व नद्या यांचे पाणी जलधरात जाऊन मिळणे म्हणजे पुनर्भरण. बेसाल्टाच्या प्रदेशात पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी खाली पोहोचते असे स्थूलमानाने धरतात. गाळाच्या प्रदेशात हे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात जाते. आता एक महत्त्वाची संज्ञा घ्यावी लागेल; ती म्हणजे विशिष्ट देय. पाण्याने पूर्ण भरलेल्या थरातून आपोआप निथळून विहिरीला मिळू शकणाऱ्या पाण्याचे थराच्या घनफळाशी असलेले प्रमाण म्हणजे विशिष्ट देय. भेगाळलेल्या बेसाल्टासाठी ते अवघे २ टक्के, तर वाळूमिश्रित गाळासाठी सु. १६ टक्के धरले जाते. या दोन आकड्यांत खानदेशच्या शेतीचे दोन स्वभाव दडलेले आहेत. बेसाल्टात ७० मिमी. पाणी मुरले तर विहिरीची पातळी साडेतीन मीटरने चढते. गाळात याच्या दुप्पट, म्हणजे १४० मिमी. पाणी मुरले तरी पातळी मीटरभरसुद्धा चढत नाही. साक्रीकडची विहीर श्रावणात काठोकाठ भरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखविते. तिचा मालक दरवर्षी सावध असतो. रावेरकडची विहीर वर्षानुवर्षे हळूहळू उतरत जाते. एका वर्षात होणारी घट डोळ्यांत भरत नाही, आणि जेव्हा भरते तेव्हा ती भरून काढण्यास एखाददुसरा चांगला पावसाळा पुरत नाही. धोका दुसऱ्या प्रकारात अधिक आहे.

केळीच्या हिशेबावरून हे अधिक स्पष्ट होईल. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले आणि तिचे नाव देशभर झाले. या पिकास वर्षाला दीड ते दोन हजार मिमी.च्या जवळपास पाणी लागते. पाऊस सातशे मिमी., तोही सगळा मुळांना मिळत नाही. उणीव हजार मिमी.ची धरली, तर हेक्टरी १०,००० घ.मी. म्हणजे एक कोटी लिटर पाणी विहिरीतून वा पाटातून द्यावे लागते. गाळाच्या प्रदेशात केवळ पावसापासून होणारे पुनर्भरण १४० मिमी. मानले, तर एक हेक्टर केळी पोसण्यास सु. सात हेक्टर जमिनीवरचे मुरलेले पाणी लागेल. नद्या, कालवे व सिंचनातून परत झिरपणारे पाणी यांची भर पडते म्हणून हा ताळा इतका कठोर राहत नाही, हे खरे. परंतु केळीचा पट्टा सलग पसरला की शेजारची सहा हेक्टर जमीनही केळीखालीच असते, हेही तितकेच खरे आहे.

पाणी वर आणण्याच्या क्रियेत दाब, कार्य व शक्ती या भौतिकीतील संज्ञा येतात. मोटेच्या काळी विहिरीची खोली परसांत सांगत आणि बैलांच्या दमावर उपशाची मर्यादा आपोआप पडत असे. पंप आल्यावर ही मर्यादा गेली, पण दुसरी पुढे आली. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक तो नळीतील हवा कमी करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याचा सु. १०.३ मी. उंचीचा स्तंभच तोलू शकतो. इटालियन शास्त्रज्ञ तोर्रिचेल्ली यांनी १६४३ मध्ये पारा वापरून या दाबाचे स्वरूप उलगडले. व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा खोलवरून पंप पाणी उचलू शकत नाही. म्हणूनच पातळी खाली गेली तसा विहिरीच्या आत ओटा बांधून पंप खाली उतरविण्याची पद्धत पडली. पुढे कूपनलिका आल्या आणि पाण्यातच बुडून राहणारा व पाण्याला खालून वर ढकलणारा पंप प्रचारात आला. ढकलण्याला वातावरणाच्या दाबाची मर्यादा नसते. मर्यादा फक्त विजेची. एक लिटर पाणी एक मीटर उचलण्यास ९.८ जूल कार्य करावे लागते. वर सांगितलेले हेक्टरी एक कोटी लिटर पाणी ६० मी. खोलीवरून आणावयाचे तर सु. १,६३० युनिट (किलोवॉट-तास) इतके कार्य होते. पंप, मोटर व नळ यांची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास प्रत्यक्षात चार हजारांवर युनिट खर्ची पडतात. तेच पाणी १५ मी. वर असेल, तर सु. हजार युनिटांत काम होते. अश्वशक्ती (७४६ वॉट) वाढविली की पाणी वाढते, ही समजूत येथे चुकते. खोली चौपट झाल्यास अश्वशक्ती चौपट करूनही पाणी तेवढेच मिळते.

ठिबक सिंचन या तंत्राचा खानदेशाशी निकटचा संबंध आहे. इझ्राएलमधील अभियंते सिम्खा ब्लास यांच्या प्रयत्नांतून १९६५ च्या सुमारास या पद्धतीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. वाकोद (ता. जामनेर) येथील उद्योजक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव येथे ते आणले. मुख्य नळीतून उपनळ्यांत व उपनळ्यांतून तोट्यांद्वारे पाणी थेंबाथेंबाने थेट मुळांशी देणे, हे त्याचे तत्त्व. तोटीचा विसर्ग सामान्यतः ताशी २, ४ वा ८ लिटर असतो. एवढ्या बारीक छिद्रातून पाणी यावयाचे असल्याने गाळणी हा त्यातील अत्यावश्यक भाग ठरतो. नळीतच विद्राव्य खते सोडण्याची सोय हा मोठा लाभ. पाटाने दिलेल्या पाण्याच्या तुलनेत ठिबकने बरीच बचत होते. मात्र ही बचत नेमकी कशाची, हे पाहिले पाहिजे. पिकाच्या पानांतून बाष्पोत्सर्जनाने जे पाणी हवेत जाते, ते परत येत नाही. ते ठिबकनेही फारसे घटत नाही. वाफ्यात दिलेल्या जादा पाण्याचा काही भाग मात्र खाली झिरपून पुन्हा जलधरात मिळत असतो. ठिबकमुळे वीज, खत व मजुरी निश्चित वाचते, ओल्या जमिनीवरून होणारे बाष्पीभवनही वाचते. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावल्यास विहिरीची पातळी सुधारत नाही, क्वचित अधिकच खालावते. शेतकऱ्याच्या हिशेबातील बचत आणि जलधराच्या हिशेबातील बचत या एकच नव्हेत.

पाण्याच्या वाटपाची जुनी परिभाषा येथे विसरून चालणार नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा तसेच मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धती चालत आली. नदीत दगडी बंधारा घालून पाणी उंचावरून पाटात वळवावयाचे आणि उताराने जमिनीवर खेळवावयाचे. येथे उपसा मुळीच नाही. बंधाऱ्याखालील लाभक्षेत्रास थळ म्हणतात. थळाचे बहुधा चार भाग करीत. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि दरवर्षी पिके फडांतून फिरवावयाची, असा दंडक असे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे आणि देखरेख हवालदाराची. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडावयाचा नाही. पाणी कमी असलेल्या वर्षी किती फड भिजवावयाचे हे गावच ठरवी. खातेदारांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने टंचाईचा वाटा कोणा एकाच्याच माथी येत नसे. आधुनिक अभियांत्रिकी ज्यास समन्यायी वाटप म्हणते, त्याची ही जुनी आवृत्ती होय आणि तिला मोजमापाचे कोणतेही यंत्र लागत नव्हते.

ही पद्धत बहुतेक ठिकाणी क्षीण का झाली, याचे उत्तर पुन्हा एका शास्त्रीय संज्ञेत आहे. पावसाळा संपल्यावर नदीत जे पाणी वाहते, ते ढगांतून आलेले नसते. दोन्ही काठांच्या जलधरांतून पाझरून आलेले असते. यास पाझरप्रवाह म्हणता येईल. काठावरच्या विहिरींवर पंप बसले, पातळी नदीच्या तळाखाली गेली आणि पाझर उलटा झाला. नदीच विहिरींना पाणी देऊ लागली. वरच्या बाजूस धरणे झाल्याने प्रवाहही बदलला. बंधारे शाबूत असूनही हिवाळ्यात पाटात पाणी येईना. नदीचे पाणी व विहिरीचे पाणी ही कायद्याने वेगळी मानली गेली, तरी निसर्गात ती एकच असतात.

कृत्रिम पुनर्भरणाच्या दोन परस्परांहून भिन्न वाटा धुळे जिल्ह्यातच पाहावयास मिळतात. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. तापीच्या गाळाच्या भागात वरचा पिवळ्या मातीचा जाड थर पाणी खाली जाऊ देत नाही; तो छेदून वाळूच्या थरापर्यंत पाणी पोहोचविणे हा त्यामागील तर्क. त्या भूस्तरात त्याचा गुण दिसून आला. ‘शिरपूर पद्धती’ या नावाने तिचे अनुकरण इतरत्र, कठीण पाषाणातही, होऊ लागले तेव्हा मतभेद झाले. पाषाणात खोल खणलेला नाला पुष्कळदा जलधराचीच भिंत फोडतो. मग त्यात दिसणारे पाणी मुरणारे नसून शेजारच्या विहिरींतून निथळलेले असते व ते उघड्यावर उन्हाने आटते. पद्धती चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. खाली कोणता थर आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. दुसरी वाट साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाची. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने तेथील ग्रामस्थांनी चारशे हेक्टरांच्या आसपास जंगल राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीत पाणी शिरण्याचा वेग, म्हणजेच अंतःस्रवण, उघड्या जमिनीपेक्षा कितीतरी अधिक असतो. येथे यंत्र लागले नाही. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी लागली.

सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा भरून काढण्याची तापी महाकाय पुनर्भरण योजना दीर्घकाळ चर्चेत राहिली. तिच्याविषयी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे सामंजस्य करार झाला. त्यात सु. ३१ टीएमसी, म्हणजे सु. ८८ कोटी घ.मी. पाण्याचा विचार आहे. एवढे पाणी दरवर्षी वाळूत मुरविताना गाळाने छिद्रे बुजणार नाहीत, ही अशा सर्व योजनांतील मुख्य तांत्रिक अडचण असते. पुराचे पाणी गढूळ असते आणि मुरविण्यासाठी पाणी निवळ लागते.

अधिक खोल गेल्यास अधिक व चांगले पाणी मिळते, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. तापीचीच उपनदी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात, विदर्भातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, गाळाचा जाड थर असूनही भूजल खारे आहे. त्या भागास खारपाणपट्टा म्हणतात.

शासकीय अहवालांतील वर्गवारीही माहीत असावी. वर्षभरात होणाऱ्या पुनर्भरणातून उपशास उपलब्ध असणाऱ्या पाण्याशी प्रत्यक्ष उपशाचे असलेले शेकडा प्रमाण काढतात. ते ७० पर्यंत असल्यास क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० असल्यास अंशतः शोषित, ९० ते १०० असल्यास शोषित आणि शंभरावर गेल्यास अतिशोषित ठरते. शंभराहून अधिक उपसा कसा शक्य आहे, असा प्रश्न वाचकास पडेल. जलधरात पूर्वीच्या अनेक वर्षांचा साठा असतो. व्याज संपले की मुद्दल काढले जाते, इतकाच त्याचा अर्थ. रावेर व यावल तालुक्यांची गणना या अतिशोषित वर्गात झालेली आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. ऑक्टोबरची पातळी पावसाळ्यातील जमा दाखविते व मेची पातळी खर्चानंतरची शिल्लक. म्हणून तुलना नेहमी मेची मेशी करावयाची असते. २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. त्यात ६० मीटरहून खोल विहिरी घेण्यावर निर्बंध आहेत, आणि विहीर या संज्ञेत कूपनलिकेचाही समावेश होतो.